ओरेगॉनला मेल टाकू की नको?

पत्र असं आहे. थोडं आटोपशीर केलंय, ओळख पटेल असे तपशील काढलेत.

"ताई, मी अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या एका राज्यात, विधिमंडळाच्या वित्त कचेरीत विश्लेषक म्हणून नुकतीच लागले आहे. आमची कचेरी पक्षनिरपेक्ष आहे, दोन्ही बाजूंच्या आमदारांचं काम करते. एका सेनेटरबाईंच्या ऑफिसातून विचारणा आली आहे : इलेक्ट्रिक गाड्यांवर मैलागणिक शुल्क लावलं तर महसूल किती येईल आणि दुसऱ्या राज्यांचा अनुभव काय? फिस्कल नोटला, म्हणजे विधेयकाच्या खर्च-उत्पन्नाच्या अंदाजाला, दोन आठवडे आहेत. आमचे चीफ म्हणाले, 'एनसीएसएलला, त्या विधिमंडळांच्या संघटनेला विचार, ओरेगॉनमध्ये असं शुल्क आहे, तिथल्या लोकांशी बोल, आणि उन्हाळ्यात संघटनेच्या समिटला जा.' मला तिन्हींची धास्ती वाटते. ही संघटना म्हणजे लॉबीच ना? उद्या दुसऱ्या पक्षाच्या आमदाराने विचारलं की बाहेरच्यांशी का बोललीस, तर? आणि खरं सांगायचं तर अनोळखी माणसाला असे प्रश्न विचारले की माझं अज्ञान उघडं पडेल. माझे बाबा सातारा जिल्ह्यात तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. ते फोनवर म्हणाले, 'संघटना म्हटली की आधी वर्गणी, मग मोर्चा, मग बदली. तू लांब राहा.' काय करू?
- गोंधळलेली विश्लेषक"

गोंधळलेल्या विश्लेषक बाईंना नमस्कार.

मेल टाका, आणि शक्यतो आजच टाका. कसा टाकायचा ते खाली सांगते. आधी तुमच्या बाबांचं म्हणणं घेऊ, कारण त्यांची भीती वेगळ्या प्रकारच्या संघटनेची आहे आणि तिथे ती खोटी नाही.

बाबांच्या डोळ्यांसमोर कर्मचारी संघटना आहे. पगार, महागाई भत्ता, बदल्या, त्यासाठी काळ्या फिती. नॅशनल कॉन्फरन्स ऑफ स्टेट लेजिस्लेचर्स, म्हणजे तुमच्या चीफची एनसीएसएल, यातलं काहीच करत नाही. तिथे सभासद होण्यासाठी तुम्हाला पावती फाडावी लागत नाही. वर्गणी विधिमंडळ भरतं, आणि राज्यांचे आमदार नि विधिमंडळाचे कर्मचारी आपोआप सभासद धरले जातात. म्हणजे तुम्ही रुजू झालात त्या दिवसापासून सभासद आहातच. तुम्हाला फक्त ते कोणी सांगितलं नव्हतं.

ही संस्था १९७५ साली तीन वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन झाली. मुख्यालय डेन्व्हरला, दुसरं ऑफिस वॉशिंग्टनला. अध्यक्षपद दरवर्षी बदलतं आणि पक्षाआड जातं : एक वर्ष रिपब्लिकन, पुढचं डेमोक्रॅट. कामाचे दोन भाग आहेत, आणि तुमचा लॉबीचा प्रश्न या दोन भागांच्या सरमिसळीतून आलाय.

एक भाग खरोखरच लॉबीचा आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. वॉशिंग्टनमध्ये ही संस्था काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे, आणि केंद्राच्या खात्यांपुढे राज्यांची बाजू मांडते. पण कशाची बाजू? 'केंद्राने हुकूम सोडायचा आणि पैसे राज्याने घालायचे' हे चालणार नाही, अशा प्रकारची. १९९५ चा अनफंडेड मँडेट्स रिफॉर्म अ‍ॅक्ट झाला त्यामागे राज्यांच्या, काउंट्यांच्या नि शहरांच्या अशाच संघटनांचा रेटा होता. भूमिका ठरवायला राज्यांचं तीन चतुर्थांश मत लागतं. उजवं टेक्सास आणि डावीकडे झुकलेलं व्हरमाँट ज्यावर एकत्र हात वर करतील असे विषय किती उरतात, याचा अंदाज तुम्हाला येईलच. तुमच्या राज्याच्या विधिमंडळात येऊन कुठल्या विधेयकाला 'हो म्हणा' किंवा 'नाही म्हणा' सांगणं हे त्यांचं काम नाही.

दुसरा भाग माहितीचा, आणि तुम्हाला तोच लागणार आहे. डेन्व्हरच्या ऑफिसात विषयवार माणसं बसलेली आहेत : करांवर कोणी, निवडणुकांवर कोणी, वाहतुकीवर कोणी. कुठल्या राज्यात कुठलं विधेयक आलं, कुठलं समितीत मेलं, कुठलं कायदा झालं, याची नोंद ठेवणं हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. प्रश्न पाठवला की तुलनात्मक माहिती येते. शिफारस येत नाही, आणि ती मागूही नका.

अशी संस्था लागते कशाला, हे अमेरिकेतल्या विधिमंडळांकडे नुसतं बघितलं तरी कळतं. न्यू हॅम्पशायरच्या प्रतिनिधीगृहात ४०० सदस्य आहेत आणि त्यांचं मानधन घटनेने ठरवलंय : दोन वर्षांच्या मुदतीचे मिळून २०० डॉलर. टेक्सासचं नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, १४० दिवसांचं. या आमदारांपैकी कुणी शेती करतो, कुणी शाळेत शिकवतं, कुणाचं विम्याचं दुकान. अशा माणसाने जानेवारीत येऊन मैलागणिक शुल्कावर मत द्यायचं असेल, तर त्याच्या हातात चारच पानं पण खात्रीची असावी लागतात. मॅडिसनला १९०१ साली चार्ल्स मॅकार्थीने विस्कॉन्सिनच्या आमदारांसाठी संदर्भ ग्रंथालय काढलं ते यासाठीच. दुसऱ्या राज्यांचे कायदे, कात्रणं, अहवाल, जे मिळेल ते गोळा करून ज्याला हवं त्याच्या हातात द्यायचं, पक्ष न विचारता. विरोधकांनी त्याला विधेयकांचा कारखाना म्हणून हिणवलं, पण बाकीच्या राज्यांनी नक्कल केलीच. तुमची नोकरी त्याच घराण्यातली आहे.

पुढची पायरी एका आमदाराच्या डोक्यातून निघाली. कोलोरॅडोचे हेन्री टोल राज्य सेनेटर होते. त्यांनी १९२५ मध्ये आमदारांची एक संघटना काढली आणि १९३३ मध्ये त्यातून काउन्सिल ऑफ स्टेट गव्हर्नमेंट्स उभं राहिलं. त्यात राज्य सरकारच्या तिन्ही शाखा येतात. आज हे काउन्सिल केंटकीतल्या लेक्सिंग्टनहून चालतं. गव्हर्नरांची संघटना त्याआधीची. १९०८ साली थिओडोर रूझवेल्टने जंगलं, नद्या नि खाणी वाचवायच्या म्हणून सगळ्या गव्हर्नरांना व्हाइट हाउसात बोलावलं, आणि एकदा भेटल्यावर त्यांना कळलं की भेटत राहायला हवं. मग खातेवार संघटना आल्या : अंदाजपत्रकवाल्यांची, खरेदी अधिकाऱ्यांची, निवडणूक अधिकाऱ्यांची, रस्तेवाल्यांची. यूएस ३० सारखे महामार्गांचे आकडे कोण वाटतं माहीत आहे? सरकार नव्हे. राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांची संघटना वाटते, १९२६ पासून.

आता हे सगळं जरा दूरचं वाटत असेल, म्हणून एक उदाहरण जवळून दाखवते. तुम्ही कराच्या कामात आहात तेव्हा तुम्हाला मजा येईल.

१९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्विल खटल्यात सांगितलं की ज्या दुकानदाराचं राज्यात दुकान, गोदाम, माणूस काहीच नाही, त्याच्याकडून राज्य विक्रीकर गोळा करून घेऊ शकत नाही. एक कारण असं की हजारो ठिकाणचे नियम वेगवेगळे, पोस्टाने माल पाठवणाऱ्याने किती सांभाळायचे? मग इंटरनेट आलं आणि राज्यांच्या तिजोरीला भोक पडलं. तेव्हा गव्हर्नरांची संघटना, एनसीएसएल आणि कर अधिकारी मिळून २००० च्या सुमारास एका कंटाळवाण्या कामाला लागले : सगळ्यांच्या व्याख्या सारख्या करायच्या. कँडी म्हणजे काय? अन्न म्हणजे काय? बऱ्याच राज्यांत अन्नाला करमाफी आणि कँडीवर कर, म्हणजे ही रेघ कुठेतरी मारायलाच हवी. बसून बसून त्यांनी ठरवलं की ज्यात मैदा किंवा पीठ आहे ती कँडी नव्हे. त्यामुळे हा करार पाळणाऱ्या राज्यांत किटकॅट हे अन्न आणि साध्या चॉकलेटची वडी ही कँडी! हसू येतं. आपल्याकडे केरळी परोठा पोळीत धरायचा की नाही यावरून जीएसटीचे निवाडे झाले, त्याच जातीचं हे हसू. पण हा किटकॅटचा कीस पाडला गेला म्हणूनच २००२ मध्ये करार झाला आणि पुढे चोवीस राज्यं त्यात आली. २०१८ च्या जूनमध्ये साउथ डकोटाने वेफेअर या ऑनलाइन विक्रेत्या कंपनीविरुद्धचा खटला पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला आणि क्विलचा नियम गेला, तेव्हा न्यायालयाने त्या राज्याच्या बाजूने जे मुद्दे नोंदवले त्यात हा करार होता. दुकानदाराला त्रास होणार नाही अशी व्यवस्था राज्यांनी आधीच उभी केली होती, हे दाखवायला कागद हातात होता. ही अठरा वर्षं व्याख्यांवर बसलेली माणसं कोण होती? तुमच्यासारखी. त्यांची नावं कुणाला माहीत नाहीत.

बाबांना हे पटवायचं असेल तर अमेरिकेचं उदाहरण देऊ नका, घरचं द्या. २००० साली केंद्रात वाजपेयींचं सरकार असताना राज्यांच्या अर्थमंत्र्यांची अधिकारप्राप्त समिती नेमली गेली आणि तिचं अध्यक्षपद कुणाकडे होतं? पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारमधले असीम दासगुप्ता यांच्याकडे. पुढे केंद्रात काँग्रेस आघाडी आली आणि अध्यक्ष झाले भाजपचे सुशील मोदी. त्या समितीत राज्यांनी आपसात भांडून दर नि व्याख्या ठरवल्या आणि महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला. बाबांना ती तारीख बहुतेक आठवत असेल, व्यापाऱ्यांच्या बंदमुळे. विधिमंडळाच्या बाजूने बघायचं तर पीठासीन अधिकाऱ्यांची, म्हणजे सभापती-अध्यक्षांची, परिषद १९२१ मध्ये सिमल्याला पहिल्यांदा भरली, तेव्हापासून भरते आहे. आणि तुम्ही जिथे जायला घाबरताय त्या समिटला २०२५ मध्ये बॉस्टनला भारतातून शंभरावर आमदार आले होते, वेगवेगळ्या पक्षांचे, पुण्यातून झालेल्या पुढाकाराने. बाबांच्या मतदारसंघातले कुणी होते का ते मात्र त्यांनाच शोधू दे.

आता अज्ञान उघडं पडण्याचं. तुमच्या पत्रात खरी भीती ही आहे, बाकीच्या तिच्यामागे उभ्या आहेत.

मी बरीच वर्षं एका राज्याच्या अंदाजपत्रक खात्यात काढली. २००९ मध्ये मंदीवर उतारा म्हणून ओबामांचा रिकव्हरी अ‍ॅक्ट आला. पैसा राज्यांमार्फत जाणार होता आणि दर तिमाहीला कळवायचं होतं की या पैशातून किती नोकऱ्या निर्माण झाल्या किंवा टिकल्या. पहिला अहवाल ऑक्टोबरात. त्याआधी संघटनांच्या मध्यस्थीने सगळ्या राज्यांचे फोन कॉल चालायचे. कॉलवर मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं, भाषा एकदम सफाईदार. आणि एका छोट्या राज्यातला माणूस मध्येच म्हणाला, 'माफ करा, पण आमच्याकडे एक शिक्षिका आहे, तिचा निम्मा पगार या पैशातून आणि निम्मा जिल्ह्याच्या निधीतून, आणि ती आठवड्याला तीन दिवसच येते. ती किती नोकऱ्या?' क्षणभर कुणी काही बोललं नाही. मग एकदम पाच-सहा जण बोलायला लागले, कारण ती शिक्षिका प्रत्येकाकडे होती. वॉशिंग्टनहून बोलणाऱ्या बाईंनाही उत्तर देता आलं नाही. पुढे तासांच्या हिशेबाने मोजायचं ठरलं. त्या माणसाला कुणी अडाणी म्हटलं नाही. उलट पुढच्या कॉलला सगळे त्याचं मत विचारत होते.

प्रश्न बारीक असेल तर विचारणारा जाणकार दिसतो. प्रश्न ढोबळ असेल तर मात्र तुमची भीती रास्त आहे. तेव्हा मेल कसा लिहायचा ते बघू. लिहाल इंग्रजीत, मजकूर सांगते.

असा नको : 'तुमच्या राज्यातल्या मैल-शुल्क योजनेबद्दल उपलब्ध असलेली माहिती कृपया पाठवावी.' याला उत्तर म्हणून दोनशे पानांच्या अहवालाचा दुवा येईल. समोरच्याची काही चूक नाही, तुम्ही तेच मागितलंत.

असा लिहा : 'मी अमुक राज्याच्या विधिमंडळाच्या वित्त कचेरीत पक्षनिरपेक्ष विश्लेषक आहे. इलेक्ट्रिक गाड्यांवरच्या मैल-शुल्काच्या महसुलाचा अंदाज करते आहे. तुमचे जाहीर अहवाल वाचले. तीन गोष्टी त्यांत सापडल्या नाहीत. वसूल झालेल्या दर डॉलरमागे हिशेब ठेवण्यावर आणि बिलं पाठवण्यावर किती सेंट गेले? राज्याबाहेर चाललेले मैल वजा करून घेण्याची सोय किती जणांनी वापरली? आणि तुमच्या मूळ फिस्कल नोटमधला अंदाज प्रत्यक्षात चुकला असेल तर तो कुठल्या गृहीतकामुळे? या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर मिळाली तर उपकार होतील.'

तिसरा प्रश्न सोन्याचा आहे. जाहीर अहवालात यशाचा पाढा असतो. काय फसलं हे माणूस फोनवर सांगतो, आणि तेही स्वतः त्यात होरपळलेल्या माणसालाच विचारलं तर. संघटनेचा सगळ्यात मोठा उपयोग हा की तो माणूस कोण, हे तिला माहीत असतं. ओरेगॉनच्या सरकारी निर्देशिकेत शोधायला गेलात तर दोन दिवस जातील. डेन्व्हरला विचारलंत तर नाव मिळेल.

तुमच्या विषयापुरतं थोडं सांगून ठेवते. ओरेगॉन या बाबतीत सगळ्यांच्या पुढे असण्याला इतिहास आहे. पेट्रोलवर कर लावणारं पहिलं राज्य तेच, १९१९ मध्ये, गॅलनला एक सेंट. आणि तो कर आटत जाणार हे ओळखून मैलावर जाणारंही तेच. २०१३ ला कायदा, १ जुलै २०१५ पासून ओरेगो नावाची योजना, सुरुवातीला ऐच्छिक, पाच हजार गाड्यांची मर्यादा, मैलाला दीड सेंट. गाडीत बसवायचं यंत्र जीपीएसचं हवं की बिगर-जीपीएसचं, हे गाडीवाल्याने निवडायचं. म्हणजे राज्याबाहेरचे मैल मोजले जाणार की नाही हे त्या निवडीवर अवलंबून. म्हणून वरचा दुसरा प्रश्न. पण फक्त ओरेगॉनवर थांबू नका. यूटा २०२० पासून इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना पर्याय देतं, एकरकमी शुल्क भरा नाहीतर मैलागणिक. व्हर्जिनियाने २०२२ पासून असाच पर्याय दिला. हवाईने २०२३ मध्ये कायदा केला. तुमच्या सेनेटरबाईंच्या मनात सक्तीची योजना असेल तर ऐच्छिक योजनेचे आकडे तिला तसेच लावता येणार नाहीत. स्वतःहून नाव नोंदवणारा माणूस शेजाऱ्यापेक्षा वेगळा असतो आणि त्याचे मैलही वेगळे असतात. हे वाक्य नोटमध्ये ठळक जागी असू द्या. पश्चिमेकडच्या राज्यांच्या वाहतूक खात्यांचा या एकाच विषयावरचा वेगळा गट आहे, आरयूसी अमेरिका. त्यांच्याकडे प्रायोगिक योजनांचं बरंच साहित्य मिळेल. तो गट मैल-शुल्काच्या बाजूने झुकलेला असणं स्वाभाविक आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आता तुमच्या सावधगिरीच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण ती सगळीच निराधार नाही.

विधेयकाचा मसुदा बाहेर पाठवू नका. अनेक राज्यांत मांडलं जाईपर्यंत तो गोपनीय असतो आणि कुणी मागवला हेसुद्धा. प्रश्न पाठवा, कागद पाठवू नका, सेनेटरबाईंचं नाव तर अजिबात नको. मेल उद्या कुणीतरी माहिती अधिकाराखाली मागेल असं धरूनच लिहा. विधिमंडळाला तो कायदा कितपत लागू होतो हे राज्यागणिक बदलतं, तुमच्या कायदा विभागाला विचारून ठेवा. आणि दुसऱ्या पक्षाच्या आमदाराने विचारलंच, 'बाहेर का बोललात?' तर उत्तर तुमच्या फाइलमध्ये असायला हवं : कुणाला, कधी, काय विचारलं, काय उत्तर आलं. त्यांनी उद्या हीच माहिती मागितली तर त्यांनाही हीच पानं द्यायची. दोघांना एकच पान देता येत असेल तर तुम्ही पक्षनिरपेक्ष आहात.

दुसरं, पक्षनिरपेक्ष म्हणवणारं सगळं एका मापाचं नसतं. १९७३ साली निघालेली एएलईसी नावाची संस्था स्वतःला तसंच म्हणवते, पण तिथे आमदारांबरोबर कंपन्या सभासद असतात आणि तयार नमुना विधेयकं मिळतात. विचारसरणी उघड उजवी. तिथली माहिती वापरू नये असं मी म्हणत नाही, पण ती कुठून आली हे नोटमध्ये लिहा. रिपब्लिकन गव्हर्नरांची आणि डेमोक्रॅट गव्हर्नरांची वेगळी संघटनाही आहे, त्या निवडणुका लढवायला आहेत, त्यांचा तुमच्याशी संबंध नाही. कुठलीही संस्था समोर आली की तीन गोष्टी बघायच्या : पैसा कुणाचा, मतदानाचा हक्क कुणाला, आणि प्रश्नाला उत्तर मिळतं की मत.

आणि विश्वास तुटायला वेळ लागत नाही हेही खरं. मतदारयाद्या ताडून बघायला राज्यांनी २०१२ मध्ये ईआरआयसी नावाची व्यवस्था उभी केली. माणूस ओहायोतून फ्लोरिडाला गेला तर दोन्हीकडे नाव राहू नये, एवढ्या साध्या कामासाठी. दोन्ही पक्षांची राज्यं त्यात होती. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत लुइझियानापासून टेक्सासपर्यंत नऊ राज्यं बाहेर पडली, सगळी रिपब्लिकन निवडणूक अधिकाऱ्यांची. काम बिघडलं म्हणून नव्हे, संशयाचं वारं आलं म्हणून. बाहेर पडलेल्यांतले काही आता तेच काम दोन-दोन राज्यांचे करार करून करतात, जास्त कष्टाने. मला हा प्रकार फार वाईट वाटला, कारण अशा गोष्टी उभ्या करायला जी चिकाटी लागते ती मी बघितली आहे.

समिटबद्दल. जा. पण पहिल्या वर्षी सगळं बघायच्या नादी लागू नका. मोठ्या सभागृहातली भाषणं सोडलीत तरी चालेल. तुमच्यासाठी तिथे वित्त कचेऱ्यांची स्वतंत्र शाखा आहे, एनएएलएफओ. तिच्या बैठकीला बसा. तिथे येणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी रात्री अकराला फिस्कल नोट पुरी केलेली असते. एनसीएसएलची वित्त विश्लेषकांसाठी वेगळी शिबिरंही असतात. मला विचाराल तर समिटपेक्षा त्यांचा उपयोग जास्त, गर्दी कमी नि काम जास्त.

प्रदर्शनातल्या कंपन्यांच्या टेबलांपासून आणि संध्याकाळच्या पार्ट्यांपासून मात्र जपून. या संस्थेला खाजगी देणग्या घेणारं एक फाउंडेशन जोडलेलं आहे आणि समिटला प्रायोजक असतात, हे काही गुपित नाही. मला ते फारसं आवडत नाही, पण वर्गण्यांवर एवढा पसारा चालत नाही हेही समजतं. तुमच्या राज्याचा भेटवस्तूंचा नियम निघायच्या आधी वाचा. विस्कॉन्सिनमध्ये लॉबीवाल्याकडून कॉफीचा पेलासुद्धा चालत नाही. मिनेसोटानेही १९९४ पासून भेटींवर बंदी घातली आहे. बाहेरगावी गेलं म्हणून आपल्या राज्याचा नियम सुटत नाही. जेवणाचे पैसे स्वतः द्या, पावती ठेवा. बाबा अव्वल कारकून होते, पावती ठेवायला तुम्हाला वेगळं शिकवायला नको.

एक गोष्ट नव्या लोकांच्या लक्षात राहत नाही. ओरेगॉनच्या माणसाने पंधरा मिनिटं दिली की तिथे विषय संपवू नका. तुमची नोट जाहीर झाली की तिची प्रत त्याला पाठवा, आणि त्याच्या आकड्यांपेक्षा तुमचे का वेगळे आले ते दोन ओळींत लिहा. त्याच्या आमदारांनाही पुढच्या अधिवेशनात हाच विषय येणार आहे. एनसीएसएलच्या माणसालाही प्रत द्या, म्हणजे पुढे कान्ससहून कुणी हाच प्रश्न विचारलाच तर ते तुमचं नाव सांगतील. तो फोन आला की घाबरू नका. आणि तुमचा अंदाज चुकलेला असेल तर तेच आधी सांगा, समोरच्याला तेच हवं असतं.

क्रम असा ठेवा. आज डेन्व्हरला प्रश्न पाठवा, त्यात दोन आठवड्यांची मुदत स्पष्ट लिहा. तुमच्या राज्यासाठी त्यांनी नेमलेला संपर्काचा माणूस कोण ते चीफना विचारा. ओरेगॉन आणि यूटा दोन्हीकडे वेगवेगळे मेल टाका. एकच मेल दोघांना टाकलात तर प्रत्येकाला वाटेल की दुसरा उत्तर देईल. सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी फोन करू नका. आणि ओरेगॉनची कचेरी उघडते तेव्हा तुमच्याकडे दहा वाजलेले असतात, हे धरून वेळ मागा.